सरांचा हैसा

आमचे सर मानसशास्त्र शिकवत, म्हणून कॉलेजातली मुलं त्यांना वचकून असत. हा माणूस समोरच्याच्या मनातलं ओळखतो, अशी अफवा होती. प्रत्यक्षात स्वतःचा चष्मा कुठे ठेवलाय हेही सरांना ओळखता येत नसे. एकोणीसशे तिसाच्या आसपासचे ते दिवस. मानसशास्त्राला तेव्हा धड खोलीही नव्हती. तत्त्वज्ञानवाल्यांनी उदार मनाने जिन्याखालची अडगळ दिली होती, तिथे सरांचं एक यंत्र होतं. मधल्या बोटाला वजन अडकवायचं आणि बोट दमेपर्यंत ते ओढत राहायचं. माणूस थकतो म्हणजे नक्की काय होतं, या एकाच प्रश्नामागे सर हात धुऊन लागले होते, आणि बोट बहुतेक वेळा माझं असे.

मी अलिबागकडच्या एका कोळीवाड्यातला. आमच्याकडून कॉलेजात गेलेला पहिला मी, आणि हे मी आजही छाती फुगवून सांगतो. एम.ए.च्या प्रबंधाचा विषयही माझाच: तालावर काम केलं तर माणूस कमी दमतो का? कॉलेजातले इतर प्राध्यापक हसले. होड्या ओढण्यात कसलं आलंय मानसशास्त्र, म्हणाले. सर एकटे माझ्यामागे उभे राहिले. माझी शिष्यवृत्ती त्या वर्षापुरतीच होती. प्रबंध फसला असता तर मी पुन्हा बाच्या होडीवर, आणि हसणारे खरे ठरणार.

पावसाच्या आधी आमच्याकडे होड्या किनाऱ्यावर ओढून शाकारून ठेवतात. ती वेळ साधून मी सरांना गावी नेलं. लाँचमध्ये त्यांना उलट्या झाल्या. घरी पोचताच शेजारच्या म्हातारीने विचारलं, "मनाचे मास्तर ना तुमी? माजी कोंबरी कोनी नेली तेवढा सांगा." सरांनी गंभीरपणे सांगितलं की आपलं ज्ञान अजून बोटापर्यंतच पोचलंय.

दुसऱ्या दिवशी सकाळी माणसं होडीला लागली. माझा बा हाळी घालायचा, बाकीचे 'हैसा' म्हणून ओढायचे. सरांनी बेत सांगितला: एक होडी हाळीवर ओढायची, तेवढीच दुसरी मुकाट्याने, आणि दोन्ही वेळा माणसं किती दमतात ते पाहायचं. हे ऐकताच सगळ्यांनी दोर खाली टाकले.

"न्हाय जमाचा, मास्तर," बा म्हणाला. "मुक्यानं होरी वर घेतात ती मालक दर्यान र्‍हायला तरच."

मला हे ठाऊक होतं. लहानपणी एका बुडालेल्याची होडी तशी मुकाट वर येताना मी पाहिली होती, आणि तरी शहरात बसून प्रयोग आखताना माझ्या डोक्यात ते आलंच नाही. सरांचा चेहरा पडला. ते बासमोर हात जोडून उभे राहिले आणि म्हणाले, "माझं चुकलं. मुकाट्याने नको." वर्ष वाया गेलं, असं मी धरून चाललो.

मग मला सुचलं. हाळी राहू दे, फक्त ताल बिघडू दे. मी बाला म्हटलं, चुकीची हाळी घाल. बाने प्रयत्न केला, पण त्याला ते साधेचना; तिसऱ्या हाळीला गडी आपोआप तालात यायचा. दुसऱ्यांचंही तेच. अख्ख्या वाड्यात ताल चुकवू शकेल असा एक माणूस मिळेना.

तेवढ्यात सर म्हणाले, "मी घालू का?"

सरांनी धोतर खोचलं आणि हाळी घातली. त्यांची हाळी कधी लवकर यायची, कधी इतकी उशिरा की माणसं वाट बघत ताटकळायची. होडी जागची हलेना. वाडाभर माणसं घामाघूम झाली, धापा टाकत वाळूत बसली. पुरेसा दम खाल्ल्यावर तीच होडी बाने हाळीवर घेतली, आणि ती सरसर वर गेली. मी इतका खूश झालो की सरांना मिठीच मारली.

पण तोंडी परीक्षेत बाहेरून आलेल्या परीक्षकांनी मला कोंडीत पकडलं. "तुमच्या सरांची हाळी ऐकून माणसं हसली असतील. हसता हसता जोर कसा लागणार?" शंका रास्त होती. शेजारी बसलेले सर चष्मा शोधू लागले. मला राग आला. समोर सागवानी टेबल होतं, शिपाई ते हलवायला कुरकुरत असत.

"धरता का, साहेब?" मी म्हटलं.

परीक्षक एकमेकांकडे बघत उठले, त्यांच्यामागे सरही. आधी त्यांनी आपापल्या मनाने ओढलं. टेबल करकरलं, बस्. मग मी बाच्या आवाजात हाळी घातली. पहिल्या हैशाला ते लाजले, दुसऱ्याला त्यांचा आवाज फुटला, आणि पुढच्याला टेबल भिंतीपर्यंत गेलं. कुणीही हसत नव्हतं. जिन्यात माणसं जमली होती, त्यांत ते हसलेले प्राध्यापकही होते. परीक्षकांनी कोट सारखा केला आणि तिथेच उभ्या उभ्या माझ्या प्रबंधावर सही केली.

गावी गेलो तेव्हा बा जाळं विणत बसला होता. मी सगळं सांगत होतो, प्रश्न, शंका, उत्तरं. त्याने मध्येच थांबवलं.

"टेबल हललं का?"

"हललं."

"आनि तुजे सर?"

"तेही ओढत होते. एक हैसा मागे."

बा जाळं बाजूला ठेवून उठला आणि साऱ्या वाड्याला ऐकू जाईल अशी हाळी घातली. घराघरांतून हैसा आला.