खिशातली लाल फळं

कुठे कॉफी भाजल्याचा वास आला, की माझा हात आपसूक खिशाकडे जातो. अक्कलकुव्याच्या वर डोंगरात एका बाईने कॉफी लावलीय असं ऐकून मी आणि माझे काका मुद्दाम बघायला गेलो होतो. आम्ही कापूस आणि केळी करणारी माणसं. आंब्यांच्या सावलीतली ती झुडपं आणि बोरांहून लहान लाल फळं बघून आमचा विश्वासच बसेना. काकांनी एक फळ फोडून हुंगलं आणि माझ्या कानाशी म्हणाले, "हाई कॉफी नही शे. वासच येत नही. बनाडी ऱ्हायनी आपले." बाई आपल्याला बनवतेय, हे मलाही पटलं. गावात दाखवून तिचं पितळ उघडं पाडायचं, म्हणून तिची पाठ वळताच मी मूठभर फळं खिशात कोंबली. तिने मात्र शांतपणे चुलीवर तवा ठेवला, वाळवलेल्या बिया टाकल्या, आणि त्या काळ्या पडू लागल्या तसं सगळं अंगण कॉफीच्या वासाने भरून गेलं. काका खाली बघत बसले. माझ्या हातात पेला देत ती म्हणाली, "खिशातलं पण काढ, दादा. न भाजलेल्याला वास नसतो." पाठमोरी असून तिला कसं कळलं, हे तेव्हा उमजलं नाही, आता वाटतं, खालून तिच्याकडे आलेले आम्ही काही पहिलेच पाहुणे नसू.