डेफिनिशन सर

डेफिनिशन सरांना माणसापेक्षा वाक्य जास्त प्रिय होतं. फार्माकॉलॉजीच्या पहिल्याच तासाला त्यांनी आम्हाला औषधाची व्याख्या उतरवून दिली आणि दुसऱ्या दिवशी एकेकाला उभं करून म्हणायला लावली. कुणी 'किंवा'च्या जागी 'आणि' म्हटलं, की कुणीतरी पायावर पाय दिल्यासारखे सर डोळे मिटून घेत. "व्याख्या चुकली की रोगी गेला," हे त्यांचं ठरलेलं वाक्य. मला हा माणूस पहिल्या दिवसापासून आवडला नाही, आणि पुढे माझं मत बदलावं असं त्यांनी काही केलंही नाही.

सर मूळचे पुण्याचे. हैदराबादच्या कॉलेजात शिकवावं लागतं ही त्यांना शिक्षाच वाटायची. दहा वर्षं या गावात काढूनही त्यांना ना तेलुगू येत होतं ना इथली दख्खनी, आणि याचा त्यांना अभिमान होता. ते दुरून दिसले की आमच्या वर्गातली मुलं एकमेकांना सावध करत, "डेफिनिशन सारु वस्तुन्नारु!", म्हणजे सर येताहेत. सरांना वाटे, आपल्याला नमस्कार करताहेत. ते मान हलवून पुढे जात. मी नल्लकुंट्याची मराठी मुलगी, म्हणून माझ्याशी तेवढं मराठीत बोलत, तेही बहुतेक टोचण्यासाठी. एकदा माझ्या तोंडून निघालं, "सर, मला मालूम नव्हतं."

"मालूम?" सर म्हणाले. "तुम्ही निजामाच्या मुलखातले लोक मराठी बोलता की कव्वाली गाता?"

वर्गातल्या तेलुगू मुलांना काही कळलं नाही म्हणून माझी अब्रू राहिली.

शिकवणं मात्र पक्कं होतं, हे नाकारून चालणार नाही. औषध नेमक्या डोसात दिलं तरी जो नको असलेला परिणाम होतो तो साइड इफेक्ट. सर्दीच्या गोळीनं झोप येते, तसा. डोस जास्त झाला की होतो तो टॉक्सिक इफेक्ट. मूठभर पॅरासिटामॉलनं यकृत जातं, तसा. आणि अ‍ॅलर्जीचा डोसाशी हिशेबच नसतो, तिथे थेंबही पुरतो. हे मला झोपेतून उठवून विचारलं तरी सांगता येईल. घोकून घेतलं ते त्यांनीच.

वर्गात ब्रँडचं नाव उच्चारायला बंदी होती. "दुकानदारी नको, औषधाचं खरं नाव घ्या," असं ते गरजत. संध्याकाळी तारनाक्याच्या त्यांच्या दवाखान्यात मात्र निराळंच राज्य होतं. देशाची दारं नुकतीच उघडली होती, रोज नवी कंपनी निघत होती, एकच गोळी चार-चार नावांनी बाजारात येत होती. टाय लावलेले एमआर, म्हणजे कंपन्यांचे विक्रेते, पेशंटच्या आधी आत जात. भिंतीवरचं घड्याळ एका कंपनीचं, पेन दुसऱ्या कंपनीचं, पडदेसुद्धा तिसऱ्या कंपनीनं दिलेले. ज्याची भेटवस्तू ताजी, त्याचं औषध चिठ्ठीवर. सकाळी मुलांना तत्त्व शिकवून संध्याकाळी ते पडद्याच्या भावानं विकणाऱ्या या माणसाची मला शिसारी यायची.

असं असून मी आत्याला त्यांच्याकडे नेलं, कारण आत्याचाच हट्ट. आई गेल्यापासून मला आत्यानंच वाढवलं होतं. माझं घर म्हणजे तीच. तिचा पाय लाल होऊन सुजला होता. "तुझे सर असताना दुसरीकडं कशाला जायचं?" असं म्हणून ती स्वतःच रिक्षात बसली.

सरांनी पाय पाहिला आणि कपाटातून एका नव्या कंपनीच्या इंजेक्शनचं सॅम्पल काढलं. औषध पेनिसिलिनच्या घराण्यातलं. देण्याआधी विचारायचा तो प्रश्न त्यांनी विचारला, "पेनिसिलिन आधी कधी घेतलंय?"

"घेतलं की. परवाच घेतलं होतं, कोठीच्या दवाखान्यात. काही झालं नाही बगा."

"परवा घेतलं आणि काही झालं नाही. मग टेस्ट डोसची गरज नाही," म्हणत सरांनी सुई भरायला घेतली.

आता हैदराबादच्या कुठल्याही माणसाला हे कळलं असतं. इथल्या दख्खनीत 'परसों' म्हणजे मागचा कुठलाही दिवस. महिन्यापूर्वीचा, नाहीतर वीस वर्षांपूर्वीचा. तेच आमच्या मराठीतल्या 'परवा'त उतरलंय. आत्याच्या लेखी तर निजामाचं राज्यसुद्धा परवा गेलं. तिनं ते इंजेक्शन घेतलं होतं ते माझ्या जन्माआधी, आणि अ‍ॅलर्जीला इतका जुना निर्वाळा चालत नाही.

"सर, परवा म्हणजे खरंच परवा नव्हे—" मी म्हणाले.

"हिस्ट्री रोगी देतो, नातेवाईक नाही," सर म्हणाले आणि त्यांनी सुई टोचली.

दोन-तीन मिनिटांत आत्या गळा खाजवायला लागली. मग तिचे ओठ सुजले, श्वास शिट्टीसारखा वाजायला लागला आणि ती टेबलावर आडवी झाली. सरांनी कपाट उघडलं. टॉनिकं होती, खोकल्याची औषधं होती, चार रंगांची अँटासिडं होती. अशा वेळी जीव वाचवणारं तेवढं अ‍ॅड्रिनलिन नव्हतं. इतक्या स्वस्त औषधाचं सॅम्पल वाटत कोण फिरणार? मी खालच्या मेडिकलवर धावले.

"चाचा, अ‍ॅड्रिनलिन!"

"एक इच है बेटा, लेके भागो!"

वर आले तर सर आत्याच्या उशाशी उभे राहून डोस म्हणत होते. "पॉइंट फाइव्ह एमएल, वन इन थाउजंड, इंट्रामस्क्युलर." पुन्हा तेच, परीक्षेला बसल्यासारखं. तेच म्हणत त्यांनी सुई भरली. मी आत्याचा पाय दाबून धरला आणि त्यांनी मांडीत इंजेक्शन दिलं. डोस बरोबर होता. श्वास हळूहळू मोकळा झाला, मग आम्ही तिला मोठ्या दवाखान्यात हलवलं आणि ती वाचली. तो शिट्टीसारखा श्वास मी अजूनही कधीकधी ऐकते, आणि मला सरांचा नव्यानं राग येतो.

पुढच्या सत्रात सरांनी वर्गात अ‍ॅलर्जीचा धडा घेतला. "रोगी खोटं बोलतो हे गृहीत धरा. परवाच माझ्याकडे एक अडाणी बाई आली, तिनं चुकीची हिस्ट्री दिली, मी होतो म्हणून वाचली." या गोष्टीला तेव्हा सहा महिने होऊन गेले होते. मी पहिल्या बाकावर बसले होते. त्यांनी माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही.

वर्षभरानं सर नोकरी सोडून मुंबईच्या एका औषध कंपनीत सल्लागार म्हणून निघाले. आत्याला हे कळताच तिनं गुळाच्या पोळ्या करायला घेतल्या. मी तिला सगळं सांगितलं, टेस्ट डोसाचं, कपाटाचं, वर्गातलं. तिनं लाटणं थांबवलं नाही.

"तू अजून शिकायलीस, बाई. त्यांनी माझा जीव वाचवला. त्यांना रिकाम्या हातानं जाऊ द्यायचं का?"

मी डबा घेऊन गेले. सामान भरलेल्या खोक्यांमध्ये सर उभे होते. 'तुम्ही जीव वाचवलात' हा आत्याचा निरोप सांगताना मी त्यांच्या डोळ्यांत पाहत होते. एवढी एक संधी मी त्यांना देत होते. नुसतं "राहू दे" म्हणाले असते तरी मला पुरलं असतं. सरांनी झाकण उघडून वास घेतला.

"आत्याबाईंना सांग, मी माझं कर्तव्य केलं," ते म्हणाले, आणि त्यांनी डबा घेतला.

घरी आले तर आत्या दारातच वाट पाहत होती. "काय म्हणाले गं?"

मी शब्दन् शब्द सांगितला. तिनं पदरानं डोळे पुसले आणि म्हणाली, "देवमाणूस!"

मी हो म्हणाले.