कुलपाखालचे ओघळ

जावयाने एकट्याने बसवलेलं पहिलंच कुलूप झकास चालत होतं. किल्ली नुसती दाखवली तरी फिरेल, असं ते कुलूप. बिघडलं ते दार.

दार होतं दंतवैद्याच्या दवाखान्याचं, मागच्या अंगणात उघडणारं. पोलादी, पांढरंशुभ्र, नवंकोरं. अंगण रोज सकाळी नळी लावून धुतलं जायचं. महिना उलटायच्या आत कुलपाच्या खालून तांबूस ओघळ सुरू झाले आणि उंबऱ्यापर्यंत पोचले. दाराचीच दाढ काढल्यासारखं दिसत होतं. गाड्या मागेच लावत असल्याने पेशंट याच दाराने येत. दोघांनी ते पाहिलं आणि दुखायचं थांबलं, असं सांगून परत गेले.

दंतवैद्याने फोन केला तो जावयाला नाही, सासऱ्याला. सासऱ्याला सगळा परिसर कुलूपकाका म्हणायचा. काकांनी ऐकून घेतलं, ‘हं’ म्हणाले, आणि जावयाच्या खुंटीवरची हत्यारांची पिशवी काढून स्वतःच्या खुंटीला लावली. शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं, असं जावयाला वाटलं. कारण ‘आता हे एकटेच कामं घेतात’ असं बायकोने माहेरच्या यच्चयावत मंडळींना फोन करून कळवलेलं होतं. पिशवी परत मिळाली नाही तर त्या सगळ्यांना पुन्हा फोन कोण करणार?

काका मुळात कुलूपवाले नव्हेतच. तरुणपणी ते पोलादी कपाटांच्या कारखान्यात रंगखात्यात होते. टाचणीच्या डोक्याएवढी जागा रंगायची राहिली तर कपाटाचं काय होतं, हे त्यांनी वर्षानुवर्षं पाहिलेलं. कारखाना बंद पडला, तसे ते कुलपांकडे वळले. पण मन रंगखात्यातच राहिलं. कुलपासाठी दाराला भोक पाडायचं काम ते चुटकीसरशी उरकत. त्यानंतर खरं काम सुरू होई. आधी कानशीने कड घासायची, मग दाढीच्या ब्रशने पत्र्याचा कीस झाडायचा. जुन्या मोज्यात घातलेलं लोहचुंबक दाराच्या पोकळीतून आणि उंबऱ्यावरून फिरवायचं, कारण मागे राहिलेला कणभर कीसही आधी स्वतः गंजतो आणि मग दाराला डाग देतो. उघड्या पडलेल्या पत्र्याला प्रायमर लावायचा. आणि मग स्टूल ओढून, तो वाळेपर्यंत स्वस्थ बसायचं.

हे बसणं गिऱ्हाइकांच्या डोळ्यांत खुपे. कुलूप लावून टाका, आत वाळेल की, असं कुणी म्हटलं तर काका विचारत, मग आत डोकावून बघणार कोण? सासूबाईंचं म्हणणं वेगळं होतं. जगाची दारं गंजू नयेत म्हणून हा माणूस जेवणं चुकवतो, आणि घरचं दार लाथ घातल्याशिवाय उघडत नाही. यावर काकांचं उत्तर ठरलेलं, की ते लाकडाचं आहे, त्याला गंज चढत नाही.

जावयाला हे सगळं पाठ होतं. पण त्या दिवशी दंतवैद्य घाईत होता, आणि आतली कड कुणाच्या बापाला दिसणार, असा विचार करून त्याने कुलूप थेट ठोकून दिलं होतं.

दवाखान्याच्या सुट्टीच्या दिवशी दोघे गेले. काकांनी कुलूप उतरवलं. भोकाची कड तांबडी झाली होती, आणि आत कीस शेवाळासारखा चिकटला होता. जावयाला अरेतुरे करायचं नाही, हा काकांचा नेम. त्यामुळे बोलणी खावी लागली तरी ती सन्मानाने मिळत.

“जावईबापू,” काका म्हणाले, “हे तुम्ही केलंत. आता तुम्हीच घासा.”

जावयाने पत्रा चकाकेपर्यंत घासला, झाडला, पुसला. बाहेरचे ओघळही पुसून काढले. मोजा सगळीकडून फिरवून आणला. प्रायमर लावला आणि दोघे बसले. दंतवैद्य डोकावला आणि झालं का, म्हणाला. जावई सवयीने अर्धवट उठला, मग पुन्हा टेकला आणि वाळायचंय, असं त्यानेच सांगितलं. काका दुसरीकडे बघत होते.

प्रायमर वाळल्यावर कुलूप चढलं. स्क्रू न गंजणारे. शेवटी जावयाने बाहेरच्या पट्टीभोवती चारी बाजूंनी सिलिकॉन भरलं, बोटाने सारखं केलं आणि जरा मागे सरून आपल्या कामाकडे पाहिलं. मुंगीलाही शिरता आलं नसतं. काका उठले, त्यांनी खिशातून पातं काढलं आणि खालच्या बाजूचं सिलिकॉन सरळ कापून टाकलं.

“अहो बाबा, हे काय?”

“वरून बंद करा, बाजूंनी बंद करा. तरी पाणी कुठून ना कुठून शिरणारच. शिरलेल्याला बाहेर पडायला वाट नको?”

जावयाने हत्यारं पुसून पिशवीत भरली. पिशवी कुणाच्या खांद्यावर जाते, हे बघत तो थोडा घुटमळला. काकांनी ती उचलली नाही, घ्या असंही म्हटलं नाही. शेवटी त्यानेच ती हातात धरली आणि विचारलं, “मग पुढचं काम मी एकट्याने करू ना?”

काकांनी कुलपाखालच्या कोऱ्या पांढऱ्या जागेवरून अंगठा फिरवला.

“आधी पाऊस पडून जाऊ द्या.”