पिंगळे सरांची प्रश्नमंजुषा

वर्गात शिरल्या शिरल्या पिंगळे सर फळ्याखालचे खडू चिमटीत धरून खिडकीत नेऊन ठेवायचे, मेलेलं झुरळ उचलावं तसे. मग बोटं झटकत म्हणायचे, "चला, कोड टाका!" गंगापूर रोडवरच्या आमच्या शाळेत ते विज्ञान शिकवत आणि मी मराठी. त्यांच्यानंतर माझा तास असे, त्यामुळे रोज आधी खिडकीतले खडू गोळा करणं आलंच. हा माणूस माझ्या डोक्यात गेला तो तिथपासून.

इंटरनेटवर जे जे फुकट मिळेल ते ते सरांनी वर्गात आणलं होतं. "फुकट ते पौष्टिक, मॅडम," हे त्यांचं ब्रीद. सगळ्यात लाडकी ती प्रश्नमंजुषा. मुलांनी शाळेच्या टॅबवर कोड टाकून खेळात शिरायचं आणि पडद्यावर प्रश्न आला की उत्तर दाबायचं. जो आधी दाबेल त्याला जास्त गुण, आणि लगेच सगळ्यांची नावं वरखाली नाचायची. पण फुकटात ते खेळणं ठरावीक मुलांनाच आत घ्यायचं आणि आमची नववी तर खच्चून भरलेली. चांगले टॅब पटकावायला मुलं जिन्यात एकमेकांना ढकलत धावायची. जी बाहेर राहत त्यांना सर म्हणत, "तुम्ही आज प्रेक्षक." आणि प्रेक्षकाला शून्य! मी स्टाफरूममध्ये कडाडले, तर हसून म्हणाले, "अहो, क्रिकेटमध्येपण अकराच खेळतात." असल्या माणसापुढे काय डोकं फोडायचं?

त्यांना शिकवता येत नसतं तर मी नुसती कीव केली असती. पण एकदा सकाळपासून नेट बंद होतं, आणि सरांनी काचेच्या ग्लासात पाणी मागवून त्यात पेन्सिल सोडली. "वाकडी झाली का? मग बाहेर काढल्यावर सरळ कशी? घाई करू नका रे. आधी नीट बघा." मी माझ्या तासासाठी दारात येऊन थांबले होते. घंटा होऊन गेली तरी एक मूल जागचं हललं नाही, आणि मीही हलले नाही. इतकं सुंदर शिकवणं मी कधी ऐकलं नव्हतं. दुसऱ्या दिवशी नेट आलं आणि पुन्हा आपलं कोड टाका. तेव्हापासून मला त्यांचा जास्तच राग यायला लागला.

त्या वर्गात पेठ तालुक्याकडची हिरा होती. वसतिगृहात राहायची, नर्स व्हायचं म्हणायची. एखादा प्रश्न विचारला की आधी गप्प बसायची आणि मग नेमकं बोलायची. टॅब मिळाला तरी तिचं बोट पडेपर्यंत वेळ संपलेली असे. "उशिरा बरोबर म्हणजे चूकच, बाळा," सर म्हणत. दहावीची अ तुकडी या गुणांवरच ठरणार होती. ब तुकडीत विज्ञानाला शिक्षक टिकत नव्हते. तिथे गेलेली पोर विज्ञानाला मुकलीच म्हणायची. हिराचं नाव ब मध्ये आलेलं बघून मी हट्टाला पेटले. "तिला तोंडी विचारा. माझ्यासमोर."

सरांनी विचारलं. हिरा प्रत्येक प्रश्नाला खाली बघत थांबली आणि प्रत्येकाचं उत्तर बरोबर दिलं. पेन्सिल वाकडी का दिसते, हे तर तिने सरांच्याच शब्दांत सांगितलं. सर खुर्चीत सरळ झाले. "उत्तम!" ते म्हणाले, आणि मनापासून म्हणाले. मग टॅब उघडून बराच वेळ बोट वरखाली फिरवत बसले.

"मॅडम, पण हे भरायचं कुठे? यात तोंडीला जागाच नाही."

"मग हाताने लिहा!"

"हाताने लिहिलेलं आता कोण धरतं?"

मुख्याध्यापकांनीही त्यांचीच री ओढली.

उन्हाळ्याच्या सुट्टीनंतर शाळा उघडली त्याच आठवड्यात सर, शिक्षकांना असली साधनं वापरायला शिकवणाऱ्या एका कंपनीत निघून गेले. निरोप समारंभाला मी गेले नाही. भाषणात म्हणे त्यांनी माझं नाव आदराने घेतलं. घेईनात का!

खाली टाळ्या वाजत होत्या तेव्हा दप्तर घेऊन ब तुकडीकडे निघालेली हिरा मला जिन्यात भेटली. ती रडत नव्हती. तिला खरंच समजत नव्हतं.

"मॅडम, सर तर उत्तम म्हनले होते ना?" तिने विचारलं. "मंग?"