चार फुटांची रेघ

नरसिंगराव जाधव. नाव आधी लिहितो, ते लिहिल्याशिवाय पुढचं सांगायला जीभ उचलत नाही. मी आज धडधाकट आहे, माझी दहाही बोटं शाबूत आहेत, हैदराबादेत दोन खोल्यांचं का होईना घर करून आहे, ते या माणसामुळे. काय झालं ते सांगतोच, पण आधी माणूस कळायला हवा.

शहराबाहेर मोठा पार्क निघाला होता. आकाशपाळणे, पाण्याच्या घसरगुंड्या, उलटं टांगून फिरवणारी चक्रं. नव्वदीची मधली वर्षं. ज्याच्या त्याच्या घरी रंगीत टीव्ही येत होता आणि टीव्हीत पाहिलेलं सगळं पोरांना हवं होतं. या पार्काच्या फाटकाशी एक ओटा होता, ओट्याला लागून लाकडी खांब, खांबावर लाल रेघ. पोराचं डोकं रेघेच्या वर गेलं की पूर्ण तिकीट, खाली राहिलं की अर्धं. नरसिंगराव, म्हणजे मामा (सगळे त्यांना मामाच म्हणत), या खांबाचे धनी. पोरगं ओट्यावर चढलं की मामा वाकायचे आणि घाबरून विचारायचे, "अरे बाबू, पायाला मुंगळा चावला का बघ!" पोरगं पायाकडे बघायला खाली वाकायचं. "अर्धंऽऽ!" मामा खिडकीकडे ओरडायचे. दिवसातून शंभरदा तोच मुंगळा.

मामांचे आजोबा भालकीकडचे शेतकरी. निजामाच्या राज्यात केव्हातरी शहरात आले ते नारायणगुड्याचेच झाले. मामांच्या मराठीत "हौ" आणि "नक्को" कायमचे वस्तीला. मी मानवतचा. आठवीत शाळा सुटली, जिनिंगमध्ये सरकी उपसली, मग एका गाववाल्याच्या मागे लागून इथे आलो. त्या गाववाल्यानं मला स्टेशनवर सोडलं आणि तो गेला तो गेलाच. फाटकाबाहेर दोन दिवस बसून होतो. मामांनी विचारलं, "मराठा हाय का? रंग मारता येतो?" येत नव्हता. हौ म्हणालो. पाळण्यांना रंग मारायचं काम लागलं. तेवीस वर्षांचा बाप्या मी, पण कुणी हाक मारली तरी काम गेलं असंच वाटायचं.

पाळण्यांवरच्या किंकाळ्या लोक पैसे देऊन मारत. फाटकाशी जे चालायचं ते फुकटचं होतं, आणि खरं होतं. दर उन्हाळ्यात तिकीट वाढायचं. हिमायतनगरसारख्या पैसेवाल्या वस्तीतून गाड्यांनी येणारे नोटा काढून आत जायचे. बसनं आलेले मात्र खांबाशी अडायचे. बाप पोराच्या खांद्यावर हात ठेवून खाली दाबायचा. आई मागून चिमटा काढायची, "गुडघे वाकव की मेल्या." एकदा एका पोरीनं आपलं खरं वय सांगितलं. बापानं तिच्या अशी मुस्काटात मारली की दातातून रक्त आलं. मामा ओट्यावरून उतरले आणि त्यांनी त्या बापाच्या मुस्काटात मारली. तेवढीच मोठी, तशीच.

"कायकू मारतो रे लेकराला? वाढलं ही त्याची गलती हाय का?"

बाप गाल धरून उभा. मग रडायलाच लागला. मामांनी त्याला पाणी पाजलं आणि पोरीला अर्ध्यात सोडलं. मला म्हणाले, "माणूस तिकिटाला मारू शकत नाही ना, म्हून पोराला मारतो. रोज बघतोय मी."

कुणी त्यांना विचारायचं, एवढे पैसे घालून आत जाण्यात राम आहे का मामा? मामा मालकाची बाजू घ्यायचे नाहीत आणि उगाच शिव्याही द्यायचे नाहीत. "संध्याकाळच्या बसमध्ये बघा. लेकरं आईच्या मांडीवर झोपली असली तर पैसे वसूल. नवरा-बायको भांडत असली तर फुकट दिलं तरी महाग पडलं." घरून आणलेल्या भाकरी आत न्यायला बंदी झाली तेव्हा मात्र ते बिघडले. "आता ह्यात घरच्या माणसाला काय उरलं? पाळण्यात बसा आणि उपाशी फिरा."

पाडव्याच्या आदल्या दिवशी मामांची सुट्टी होती. इथे पाडव्यालाच उगादी, म्हणजे वर्षातली सगळ्यात मोठी गर्दी. मॅनेजरनं मला बोलावलं. उद्यापासून नवे दर, आणि रेघही साडेचारवरून चार फुटांवर आणायची. मी टेप लावला, चार फूट मोजले, झोकात रेघ ओढली, जुनी खरवडून काढली. टेप मी जमिनीपासून लावला होता. पोरं ओट्यावर उभी राहतात, आणि ओटा चांगला वीतभर उंच. माझ्या डोक्यात आलंच नाही. चार फुटांची म्हणून जी रेघ मी ओढली, ती पोरांसाठी सव्वातीनाची झाली.

सकाळी पहिल्याच पोराला मामांच्या लक्षात आलं. मुंगळा चावून पोरगं दुमडलं तरी रेघेच्या वर. "मानवतकर, टेप आण!" ते ओरडले. टेप आणेपर्यंत रांग रस्त्यापर्यंत गेली होती. ओट्यावर झहीराबादकडची एक पोरगी उभी होती, पाच-सहा वर्षांची, नव्या परकरात. बाप पांढऱ्या सफारीत. बरोबर तीन भाऊ, त्यांच्या बायका, पोरांचा घोळका.

"पिछले महीने येच बच्ची आधे में गयी थी. महीने में बित्ताभर बढ़ गयी क्या?"

मामा म्हणाले, "भाई, रेघ चुकली हाय, दोन मिनिटं थांबा." मॅनेजर खिडकीतून म्हणाला, "काही चुकलेली नाही. पूर्ण तिकीट काढा, नाहीतर बाजूला व्हा." रखवालदारानं बाजूला करायला म्हणून सफारीवाल्याच्या छातीला दांडकं लावलं. तो मागे पडला, त्याची लहानखुरी बायको त्याच्याखाली आली आणि तिचं कपाळ कठड्यावर आपटलं. रक्त पाहून भाऊ पेटले. एकानं रांगेचा लोखंडी पाइप उपसला. खिडकीची काच फुटली, रखवालदाराचं नाक फुटलं, मागचे दोनशे लोक पुढे लोटले. पोरं पायांत.

"किसने डाली ये लाइन?"

मॅनेजरनं माझ्याकडे बोट दाखवलं. माझ्या नखांत लाल रंग होता. हात पाठीमागे न्यायचंही सुचलं नाही. एकानं माझी कॉलर धरली, दुसऱ्यानं केस. पोटात लाथ बसली, श्वास कुठे गेला कळेना. आणि मला, खोटं कशाला लिहू, तेव्हाही हेच वाटत होतं की आता काम जाणार.

मामा मध्ये घुसले. मला त्यांच्या हातातून ओढून त्यांनीच माझ्या थोबाडीत अशी ठेवून दिली की कान बधिर झाला. "आत मर जा!" म्हणून तिकिटाच्या खोलीत ढकललं आणि बाहेरून कडी घातली. फुटक्या काचेतून मला त्यांची पाठ दिसत होती. दाराला लावलेली.

"लाइन मैंने डाली. मैं नापता हूँ, मैंनेच डाली. उस पोट्टे को क्या पूछते?"

पाइप पहिल्यांदा दारावर बसला. दुसऱ्यांदा त्यांनी उजवा हात वर धरला. तो आवाज मी लिहू शकत नाही. वाळकी काटकी मोडल्यासारखा, पण ओला. ते ओरडले नाहीत. पुन्हा तोच हात वर केला. मी आतून दार बडवत होतो. उघडा म्हणून नव्हे, उघडू नका म्हणून. हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही.

पोलीस आले तेव्हा मामा दाराशी बसलेले होते आणि हाताचा पंजा उलट्या बाजूला लोंबत होता. सफारीवाल्याची पोरगी त्यांच्याकडे बघत उभी होती. ते तिला म्हणाले, "जा बाबू, आईकडे जा."

दोनशे लोकांदेखत कबूल केलं होतं, तेव्हा कंपनीला दुसरं काही शोधावं लागलं नाही. चुकीचं माप घेऊन गिऱ्हाइकांना लुबाडलं म्हणून मामांना काढलं. पेपरातही तसंच आलं. मी दवाखान्यात गेलो, पायांशी बसलो, म्हणालो, उद्या साहेबाला खरं सांगतो. मामा डाव्या हातानं चहा पीत होते. "नक्को. माझा हात तर गेला. आता तू सांगून काय, दोघं मिळून भीक मागू? मानवतला माय हाय ना तुझी? गप बस." मला एवढंच हवं होतं. मी गप बसलो.

मामांच्या जागी खांबाशी कंपनीनं मलाच उभं केलं. आणि ती रेघ? ती कुणी बदलली नाही. मॅनेजरला दिसलं की तशीच ठेवण्यात फायदा आहे. पुढची तीन वर्षं माझ्या चुकीच्या रेघेनं लेकरं मोजली गेली, बाप पैसे देत गेले, काही तिथेच पोरांना बदडत गेले. मी कुणाच्या मुस्काटात मारली नाही. मामा असते तर मारली असती.

परवा मामांची मुलगी सुनंदा इथल्या आबिड्सच्या पोस्टात भेटली, कामानिमित्त आली होती. शाळेत शिकवते. मामा आता तिच्याकडेच निजामाबादला असतात, जेवण भरवावं लागतं. मी विचारपूस केली तर मान फिरवून म्हणाली, "लेकरांचे पैसे खाल्ले म्हणून झालं ते. नशीब, हातावरच निभावलं." मी रांगेत होतो. माझा नंबर आला, मी तिकिटं घेतली, बाहेर पडलो.

मामा, तुमचा हात मला परत देता यायचा नाही. पण तुम्ही हयात असताना निजामाबादला येईन, तुमच्यासमोर सुनंदाला सांगेन की रेघ माझी होती, माप माझं होतं, आणि कडी घातल्यावर मी आतून काय म्हणत होतो. तुम्ही गप बस म्हणालात तरी सांगेन. हा शब्द लिहून देतोय.