माळकऱ्याच्या घरातला बेडूक

भागवत नांदेडला बेडूक खातो, अशी कुजबूज एकोणीसशे बासष्टच्या दिवाळीआधी उमरीत सुरू झाली. आधी एकच बेडूक होता. गिरणीत दळण होईपर्यंत त्याचे दोन झाले. बातमी धर्माबादच्या बाजारात पोचली तेव्हा रोजचा रतीब लागला होता, आणि वाटेत कुणीतरी त्यात लसूणही घातला होता. माळकऱ्यांच्या आळीत लसूण ही काही लहान गोष्ट नव्हे. काही बाया बेडकापेक्षा लसणानंच जास्त हळहळल्या.

भागवत आता ऐंशीच्या पुढं गेला. लातूरला मुलाकडं असतो. हा विषय काढला की तो चष्मा पुसायला घेतो आणि विषय बदलेपर्यंत पुसत राहतो. म्हणून मला सांगावं लागतं. नांदेडला आम्ही एका खोलीत राहत होतो, आणि दुसऱ्याची गोष्ट सांगताना माझी तब्येत जरा बरी राहते.

त्याचे वडील ग्यानोबा उमरीचे शेतकरी, पक्के माळकरी. भजनात वीणा त्यांच्याच गळ्यात असायची. त्या घरातून मॅट्रिकच्या पार गेलेला भागवत पहिलाच. त्याला कॉलेजला धाडताना ग्यानोबांनी एवढंच सांगितलं होतं, "गळ्यातल्या माळंला बट्टा लागला न्हाई तवर तू नांदेडात. लागला की त्या दिवशी येऊन औत धरायचं."

आमची खोली वजिराबादेत, पत्र्याची. उन्हाळ्यात आम्ही भाजून निघायचो आणि पावसाळ्यात पत्र्याच्या आवाजात एकमेकांना शिव्या दिल्या तरी ऐकू जायच्या नाहीत, त्यामुळं भांडणं कमी व्हायची. भागवतचा डबा उमरीहून सकाळच्या पॅसेंजरनं यायचा. ज्वारीच्या भाकरी, शेंगदाण्याची चटणी, एखाद्या दिवशी वांगं. डबा आणायला तो स्टेशनवर जायचा, आणि मी मदतीला. मदत खोलीवर आल्यावर सुरू व्हायची.

कॉलेजात शिकवणं इंग्रजीत. प्राध्यापक इंग्रजीत विनोद करायचे. पहिल्या बाकावरच्या चार मुली हसल्या की विनोद झाला हे आम्हाला कळायचं, मग आम्ही मराठीत हसायचो. त्या मुलींकडं बघायची पद्धत नव्हती. आम्ही त्यांच्या सायकलींकडं बघायचो. भागवत शर्टाचं वरचं बटण कायम लावायचा, माळ दिसू नये म्हणून. तरी ती दिसायचीच, आणि शहरातली पोरं त्याला 'बुवा' म्हणायची. बुवा चिडायचा नाही. संध्याकाळी आम्ही गोदावरीच्या घाटावर बसून शहरात नवी पँट कुणी शिवली याचा आढावा घ्यायचो, तेव्हा हा पायरीच्या फटीतली एखादी गोगलगाय बघत बसलेला असायचा. प्राणिशास्त्र त्यानं गुणांसाठी घेतलं नव्हतं. त्याला ते खरंच आवडायचं. त्याला मास्तर व्हायचं होतं आणि हेच शिकवायचं होतं.

आता शिवप्पा. हा उमरीतल्या आडतीवरचा मुनीम. नांदेडच्या मोंढ्यात, म्हणजे धान्याच्या बाजारात, काम निघालं की दुपारी आमच्या खोलीवर पाठ टेकायला यायचा. नात्यानं कुणाचाच कुणी नाही, पण सगळे त्याला मामा म्हणायचे. एका दुपारी तो आला तेव्हा भागवत स्टोव्हपाशी बसलेला. स्टोव्हवर डालड्याचा रिकामा डबा, त्यावर ताटली झाकलेली, आणि आत काहीतरी रटरटत होतं.

"काय शिजायलंय रे भागवत?"

"अभ्यास हाय, मामा."

"अभ्यासाला वास यायलाय."

"इंग्लिश हाय न्हवं."

भागवत पाणी आणायला नळावर गेला. शिवप्पानं ताटली उचलली. आत बेडूक होता, उताणा, चारी पाय पसरून. शिवप्पानं ताटली जशीच्या तशी ठेवली, टोपी घातली आणि पायात वहाणा सरकवल्या. मी खाटेवर पडून सगळं बघत होतो. मला त्यानं काही विचारलं नाही, म्हणून मी काही सांगितलं नाही.

"मामा, च्या घेऊन जा की," भागवत दारातून म्हणाला.

"मला गाडी हाय," शिवप्पा म्हणाला. गाडी यायला अजून अख्खी दुपार सरायची होती.

पुढच्या आठवड्यात डबा यायचा बंद झाला. दोन दिवस आम्हाला वाटलं, गाडीत राहिला असेल. तिसऱ्या दिवशी उमरीचा एक माणूस स्टेशनवर भेटला आणि त्यानं ग्यानोबांचा निरोप दिला, "दिवाळीला ये. येताना ट्रंक घेऊन ये."

ट्रंक घेऊन ये म्हणजे काय, ते दोघांनाही कळलं. भागवतचं कॉलेज कायमचं सुटलं. त्या माणसाकडून बेडकाची आणि लसणाची सगळी हकिकतही कळली. भागवत एकदाच म्हणाला, "लसूण कुठून आला?" मग त्यानं ट्रंक भरली आणि सगळ्यात वर बुटाचं एक खोकं जपून ठेवलं. मला किनवटला जायचं होतं, पण असा तमाशा सोडून घरी जाणारा मी नव्हे. साक्षीदार लागेल, असं सांगून मीही उमरीच्या गाडीत बसलो.

ग्यानोबांच्या अंगणात त्या संध्याकाळी आळीतली निम्मी माणसं 'सहज' आलेली होती. शिवप्पा सगळ्यात पुढं. भागवतची आई धुरपताबाई उंबऱ्यात बसलेली, पदर तोंडाला. ग्यानोबा खांबाला टेकून बसलेले. भागवतनं पायाही न पडता खोकं उघडलं. आत काळ्या पुठ्ठ्यावर बेडकाचा सांगाडा होता. पांढरीशुभ्र हाडं, डिंकानं जिथल्या तिथं चिकटवलेली.

"हे बघा," भागवत म्हणाला. "सांगाडा हाय. परीक्षेला दाखवावा लागतो. हाडं मोकळी व्हावी म्हणून उकळला. खायला न्हाई."

त्याला वाटलं, संपलं. सगळ्या पुराव्यांत पक्का पुरावा त्यानं आणला होता. शेजारची विठाबाई पुढं झाली, कमरेत वाकली आणि तिनं तो सांगाडा एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत न्याहाळला.

"पार चाटून पुसून खाल्लाय की रं," ती म्हणाली. "येवढंसं मास ठिवलं न्हाई."

आता तिचं तरी काय चुकलं? ती आळी सगळी माळकऱ्यांची. खाल्लेलं हाड कसं दिसतं, हे तिथं कुणालाच ठाऊक नव्हतं. मांस नाही म्हणजे ते कुणीतरी खाल्लं, यात कुणाला शंका येईना. शिवप्पानं सगळ्यांकडं बघत मान हलवली. भागवत शिकल्याप्रमाणं इंग्रजीत समजावू लागला, 'स्केलेटन' म्हणाला, 'स्पेसिमन' म्हणाला.

"आता इंग्लिशमधी खाल्ला म्हणायलाय," विठाबाई म्हणाली.

धुरपताबाई रडायला लागली. भागवतचा चेहरा मी पाहिला. मनातल्या मनात तो औताला जुंपला गेला होता.

ग्यानोबा खांबापासून उठले. त्यांनी पुठ्ठा हातात घेतला, कंदिलाजवळ नेला आणि बराच वेळ बघितला.

"हा खाल्लेला न्हाई," ते म्हणाले.

"कशावरून म्हणतूस ग्यानोबा?" विठाबाईनं विचारलं.

"खाल्लेलं हाड दाताखाली मोडतं. बारीक हाडं तर राहतच न्हाईत, चावून जातात. इथं बोटाबोटाची हाडं जागेवर हायत. याला दात लागला न्हाई."

शिवप्पा आणखी पुढं सरकला. "ते खरं असंल, पण तुमाला हे कसं ठावं?"

ग्यानोबांनी पुठ्ठा परत खोक्यात ठेवला. त्यांना गप्प बसता आलं असतं. ऐकलंय म्हणाले असते, तरी त्यांच्या शब्दाला आळीत मान होता.

"खाल्लंय म्हणून," ते म्हणाले. "रझाकाराच्या वक्ताला मी गाव सोडून पळालो, किनवटच्या रानात. गोंडांच्या वस्तीवर लपलो. त्यांनी भाजलेलं तितर पुढं ठिवलं, मी खाल्लं. एकदा न्हाई, तिथं होतो तवर. भूक होती, आन खोटं कशाला, गोडबी लागलं. माळ त्याच्यानंतरची हाय."

धुरपताबाईचं रडं थांबलं. तिनं पदर खाली घेतला.

"चौदा वर्सं झाली की," ती म्हणाली. "आन मला आज सांगायलाव?"

"आज कामाला आलं," ग्यानोबा म्हणाले.

विठाबाईनं ग्यानोबांकडं बघितलं, मग खोक्याकडं, मग पुन्हा ग्यानोबांकडं. भागवतचा बेडूक त्या क्षणी जुना झाला. घरी जाताना आळीभर बोलणं चाललं होतं ते तितराचं. सकाळपर्यंत त्या तितराचं काय काय झालं असेल, ते मी सांगत नाही. पुढं बरेच दिवस भजनात वीणा दुसऱ्याच्या गळ्यात गेली. ग्यानोबा मागच्या रांगेत बसून टाळ वाजवायचे, आणि पूर्वीपेक्षा मोकळ्या गळ्यानं गायचे, असं धुरपताबाईच सांगायची. वर म्हणायची, "तितर खाल्लेला गळा हाय."

भागवत बी.एस्सी. झाला, पुढं एम.एस्सी. झाला, आणि लातूरच्या एका कॉलेजात त्यानं निवृत्त होईपर्यंत प्राणिशास्त्र शिकवलं. तेही मराठीत समजावून, म्हणजे पोरं विनोदाला वेळेवर हसायची. त्याची नात तनुजा आता मेडिकलच्या प्रवेशपरीक्षेचा अभ्यास करते. परवा मी गेलो तर ती हाडांची नावं पाठ करत होती आणि भागवत मधूनच तिला उच्चार सांगत होता.

त्या दिवाळीनंतर आम्ही नांदेडला परत निघालो, तेव्हा ग्यानोबा ट्रंक खांद्यावर घेऊन स्टेशनवर आले. डबा दुसऱ्या हातात होता. गाडी यायला वेळ होता.

"एक इचारायचं ऱ्हायलं," ते म्हणाले. "मारला कुणी त्याला?"

"मेलेलाच सापडला, आबा. कॉलेजच्या विहिरीपाशी. बाकीची पोरं प्रयोगाला जिता आणून मारतात. माझ्यानं झालं न्हाई, म्हणून सरांनी सांगाडा करायला सांगितला."

"बरं केलंस," ग्यानोबा म्हणाले आणि डबा त्याच्या हातात दिला.

भागवतनं बेडूक मारला नाही आणि खाल्लाही नाही. मेलेला बेडूक त्यानं हाडं सुटी करण्यासाठी उकळला होता.