दत्तोपंतांनी पुन्हा लिहिलेली किताब

दत्तोपंत गेल्याचं मला गंगारामनं सांगितलं. झरीच्या बाजारात, भर दुपारी, डाव्या हातानं माझा दंड धरून तो म्हणाला, "मिस्तरी, आपले पंत गेले... विषमज्वर झाल्ता." त्याला आता दीड महिना होईल.

परभणीच्या जिनिंग कारखान्यात आम्ही तिघं एकत्र होतो. मी मिस्तरी, गंगाराम यंत्रावर, आणि निजाम सरकारच्या शाळेत उर्दूतून शिकलेले पंत कारकून. सरकी काढायची नवी यंत्रं आली, तेव्हा सोबत विटेएवढी जाड इंग्रजी किताब आली. इंग्रजी येणारे एकटे पंत. मालकांनी ती मराठीत करायला सांगितली. वर्षभर खपून पंतांनी वळणदार अक्षरात तीनशे पानं भरली. ओळीला ओळ लागलेली, कागदाचा कोपरासुद्धा रिकामा नाही. आम्ही कौतुकानं पाहायचो. वाचायचो मात्र क्वचित.

एका हंगामात यंत्रात कापूस अडकला, रूळ थांबले. गंगारामनं किताब आणली, बोट फिरवत ओळ शोधली, 'झाकण उघडून अडकलेला कापूस काढावा.' त्यानं हात घातला. कापूस सुटला तसे रूळ फिरले... 'तत्पूर्वी यंत्र फिरवणारा पट्टा उतरवावा' हे वाक्य पान उलटल्यावर होतं. उजव्या हाताची चार बोटं गेली.

पंतांना कोणी बोल लावला नाही. दवाखान्यात ते गंगारामच्या उशाशी बसून म्हणाले, "मूळ किताबेत तसंच होतं रे... पण मला कळायला हवं होतं."

"तुमचं अक्षर लय चांगलं हाय, पंत," गंगाराम म्हणाला. "मलाच पान उलटायचं सुचलं न्हाई."

ते ऐकून पंत लहान मुलासारखे रडले.

मग त्यांनी सगळी किताब नव्यानं लिहायला घेतली. एका पानावर एकच काम, धोक्याची ओळ सगळ्यात वर, शेजारी यंत्राचं चित्र. 'तत्पूर्वी' जाऊन 'आधी' आलं. पान झालं की ते गंगारामच्या घरी जायचे, त्याला मोठ्यानं वाचायला लावायचे. तो अडखळला की पान फाडायचे.

"अवो, समजायलंय की मला!"

"थांबलास ना एकदा? मग नाही चालायचं."

तीन वर्षं हे चाललं. पंतांचे डोळे अधू झाले. त्या किताबेनंतर यंत्रात कोणाचा हात गेला नाही. मी एकदा तसं बोलून दाखवलं, तर म्हणाले, "एकाचा गेला ना..."

परवा त्यांच्या घरी गेलो. वहिनी चहा टाकायला उठल्या. त्यांना वाचायला पंतांनीच शिकवलेलं. रॉकेलच्या स्टोव्हजवळ भिंतीवर एक कागद चिकटवलेला होता. त्यावर पंतांचं टपोरं अक्षर, पहिलीच ओळ : 'आधी पदर खोचा.'

"कधीचं पाठ झालंय मला," वहिनी म्हणाल्या. "पण हे गेल्यापासून रोज वाचते."

त्यांनी ती ओळ हलक्या आवाजात वाचली, पदर खोचला, आणि मग काडी ओढली.